सुळक्याची अट

कुलाब्याच्या टोकाकडे अफगाण चर्चसाठी सरकारने जागा दिली ती एका अटीवर. चर्चला उंच मनोरा हवा आणि तो बंदरात शिरणाऱ्या जहाजांना लांबून दिसला पाहिजे. प्रार्थनेशी या अटीचा काडीचाही संबंध नव्हता. पण मुंबईत जागेचा व्यवहार निव्वळ पुण्याच्या हिशेबाने कधी झालेला नाही, आणि कंपनी सरकार तर मुळातच व्यापारी. इमारत उभी राहतेच आहे, तर तिच्यातच नाविकांची सोयही उरकून घ्यावी, असा हा रोकडा विचार. पायाभरणी ४ डिसेंबर १८४७ ला गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते झाली. बिशप हार्डिंग यांनी ७ जानेवारी १८५८ ला चर्च उपासनेसाठी खुलं केलं. अट मात्र पुरी झाली १० जून १८६५ ला, १९८ फुटांचा सुळका पूर्ण झाला तेव्हा. मधली सात वर्षं कळस न चढलेल्या देवळासारखी ही वास्तू समुद्राकडे बघत उभी होती.

पिंपरी-चिंचवडकडचा माणूस चर्चकडे सहसा या नजरेने पाहत नाही. मी गेलो तो मात्र आधी इमारत बघायलाच. उमेदीची वर्षं भोसरीच्या एमआयडीसीत गेली की कुठलीही वस्तू दिसल्यावर हे कुणी केलं, कशात केलं आणि कितीला पडलं असेल, हे प्रश्न आधी डोक्यात येतात. सौंदर्य, भक्तिभाव वगैरे मंडळी त्यांच्या मागे रांगेत. सकाळी चिंचवडहून सिंहगड एक्स्प्रेस पकडायची आणि सीएसएमटीहून कुलाब्याची बस. कॉजवेवरच्या पथाऱ्या मागे पडतात, मग ससून डॉकचा वास खिडकी बंद असली तरी आत येतो, आणि एकाएकी रस्ता मोकळा होतो. जुनी झाडं, चुना मारलेले दगड, नौदलाच्या पाट्या. कागदावर या चर्चचं नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट. ते नाव घेऊन विचारलंत तर चार माणसं चार दिशा दाखवतील. ‘अफगाण चर्च’ म्हटलं की कंडक्टर नेमकं उतरवून देतो.

कुलाबा आज मुंबईचं दक्षिण टोक वाटत असलं तरी पूर्वी ते वेगळं बेट होतं. ओहोटीला खडकांवरून चालत जायचं, भरती लागली की होडी, नाहीतर पलीकडे मुक्काम. कॉजवे झाला १८३८ मध्ये. त्याआधीपासून तिथे छावणी होती, कोळ्यांची वस्ती त्याहूनही जुनी, आणि १८२६ पासून वेधशाळा. मराठी माणसाला कुलाबा पावसाळ्यात रोज भेटतो तो या वेधशाळेमुळे: ‘कुलाबा इतके मिलिमीटर, सांताक्रूझ इतके’. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला पाऊणशेसुद्धा नाही. एकाच शहराची ही दोन टोकं. याच वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाचीही मोजणी चाले. ट्राम विजेवर धावणार असं ठरल्यावर ते काम अलिबागला हलवलं, कारण विजेच्या तारांशेजारी चुंबकसुई खरं बोलेना. अलिबागची ती चुंबकीय वेधशाळा १९०४ ची. त्याच वर्षी अफगाण चर्चच्या घंटा आल्या. त्यांच्याकडे पुढे वळू.

आधी अफगाण का, ते. १८३८ च्या अखेरीस मुंबईहून फौज जहाजांनी सिंधच्या किनाऱ्यावर उतरली. सेनापती सर जॉन कीन. काबूलच्या गादीवरून दोस्त मोहंमदला काढायचं आणि शाह शुजाला बसवायचं, ही मोहीम. मराठी वाचकाने इथे जरा थांबायला हवं, कारण हा शाह शुजा अहमदशाह अब्दालीचा नातू. पानिपत १७६१ चं. त्यानंतर ७८ वर्षांनी दख्खन आणि कोकणातून भरती झालेले शिपाई कंपनीच्या पगारावर अब्दालीच्या नातवाला त्याची गादी परत मिळवून द्यायला निघाले होते. त्यांच्यातल्या किती जणांना हे ठाऊक असेल? घरात पानिपतात गेलेल्या पणजोबाची आठवण जपणारे काही तरी असतीलच. पगार महिन्याचा, आठवण तीन पिढ्यांची. पगार जिंकला.

मुंबईची ही फौज एकजिनसी नव्हती. मराठे, महार, मुसलमान, उत्तरेतले पुरभय्ये, कुलाबा जिल्ह्यातले बेने इस्रायल, शिवाय गोऱ्या पलटणी. आमच्या भागाचा तिच्याशी जवळचा संबंध आहे. आज पिंपरी-चिंचवड महापालिकेत असलेल्या दापोडीला पेशव्यांच्या नावाने, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक फौज असे. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली तेव्हा कॅप्टन फोर्डची ही फौज दापोडीहून निघून इंग्रजांना जाऊन मिळाली. त्याच वर्षीच्या तहातून, पेशव्यांच्याच खर्चाने, घोडदळ उभं राहिलं आणि पुढे पूना हॉर्स म्हणून नावारूपाला आलं. हे घोडदळ अफगाण मोहिमेत होतं. २३ जुलै १८३९ ला गझनीचा किल्ला पडला, ऑगस्टमध्ये काबूल, नोव्हेंबरात परतीच्या वाटेवर मुंबईच्या फौजेने बलुचिस्तानातलं कलात घेतलं. पूना हॉर्सच्या सन्मानांच्या यादीत गझनी आहे, कंदाहार आहे, सिंधमधलं मियाणी आणि हैदराबादही आहे.

अफगाण युद्ध म्हटलं की काबूलची माघार आठवते. १८४२ च्या जानेवारीत साडेचार हजार सैनिक आणि बारा हजारांच्या आसपास बाजारबुणगे बर्फातून निघाले आणि १३ तारखेला डॉ. विल्यम ब्रायडन एकटा घोड्यावरून जलालाबादच्या वेशीत आला, ही ती गोष्ट. (पानिपतच्या लढाईच्या तारखेच्या एक दिवस आधी. इतिहासाला असल्या तारखा जुळवायची खोड आहे, तिचा अर्थ लावत बसू नये.) अफगाण चर्च त्या माघारीचं स्मारक आहे असा सर्रास समज असतो, आणि तो अर्धाच खरा. माघारीत संपलेली फौज मुख्यतः बंगालची. मुंबईची माणसं मेली ती जास्त करून सिंधमध्ये, बोलन खिंडीच्या वाटेवर, बलुचिस्तानातल्या काहूनसारख्या ठाण्यांत आणि कंदाहारकडे. काहूनला १८४० मध्ये कॅप्टन ब्राउनच्या हाताखाली पाचव्या मुंबई पलटणीचे शिपाई कित्येक महिने वेढ्यात अडकले होते. त्यांच्या सुटकेसाठी निघालेली तुकडी वाटेतच मोडली, तरी त्यांनी ठाणं टाकलं नाही. शेवटी बोलणी करून ते हत्यारांनिशी बाहेर पडले. मराठा लाइट इन्फंट्रीची ‘काली पांचवी’ ती हीच.

चर्चमधला स्मारकलेख मोठा प्रामाणिक आहे, म्हणजे जितका प्रामाणिक असायला परवडतं तितका. हे चर्च ज्या अधिकाऱ्यांची नावं भिंतीवर कोरली आहेत त्यांच्या, आणि ज्यांची संख्या नावं कोरता येणार नाहीत इतकी मोठी आहे अशा खालच्या हुद्द्यांवरच्या सैनिकांच्या स्मरणार्थ बांधलं, अशा अर्थाचा तो मजकूर. मरणाची कारणं सांगताना त्यात आजार आधी येतो आणि तलवार मागून. हा क्रम कुणी मुद्दाम लावला असेल नसेल, पण हिशेब बरोबर आहे. त्या काळच्या मोहिमांत हगवण, कॉलरा, ताप आणि थंडी यांनी शत्रूपेक्षा जास्त माणसं नेली.

खटकतं ते दुसरंच. शिपायांची संख्या जास्त म्हणून नावं कोरता येत नाहीत, ही सबब मुंबई सरकारला आधी आडवी आली नव्हती. चाकणहून शिक्रापूरमार्गे नगर रस्त्याला लागलं की भीमा कोरेगावचा स्तंभ लागतो. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर याच कंपनीने तो उभारायला घेतला, पायाभरणी १८२१ ची. त्यावर पडलेल्या ४९ जणांची नावं आहेत. त्यातली २२ नावं ‘नाक’ या प्रत्ययाने संपणारी, म्हणजे महार शिपायांची. मजकूर इंग्रजीत आहे तसा मराठीतही आहे. म्हणजे नाव कोरायला दगड होता, पाथरवट होता, भाषा होती आणि रीतही होती. पाव शतकानंतर कुलाब्याला हे सगळं कुठे गेलं? आकड्यांचा फरक आहे हे मान्य: एका दिवसाच्या लढाईत ४९ आणि अनेक वर्षांच्या मोहिमेत कित्येक पट. पण मला वाटतं, फरक जागेचाही आहे. कोरेगावचा स्तंभ उघड्या माळावर, शिपायांच्याच मुलखात उभा आहे. तो वाचणारे त्यांचेच भाऊबंद, आणि पुढची भरती त्यांच्यातूनच व्हायची होती. कुलाब्याचं चर्च गोऱ्या छावणीचं. तिथे दर रविवारी जे बसणार त्यांच्या ओळखीची नावं भिंतीवर आली. स्मारक नेहमी वाचणाऱ्याकडे बघून लिहिलं जातं.

उपासना सुरू झाली तो मुहूर्तही विसरून चालणार नाही. जानेवारी १८५८ म्हणजे उत्तरेत बंड धुमसत होतं, झाशी अजून पडायची होती. मुंबईत जेमतेम तीन महिन्यांपूर्वी, १५ ऑक्टोबर १८५७ ला, एस्प्लनेडच्या मैदानावर सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोन शिपायांना तोफेच्या तोंडी दिलं होतं. दोघेही मुंबईच्याच फौजेतले. मीरतचा उठाव रविवारी संध्याकाळी, गोरे सैनिक चर्चला निघायच्या वेळेला झाला. त्यानंतर गोऱ्या पलटणी चर्चमध्ये बंदुकांसकट बसू लागल्या. छावण्यांमधल्या कितीतरी जुन्या चर्चच्या बाकांना बंदूक टेकवायच्या खाचा आहेत, त्या तेव्हाच्या. अशा दिवसांत शिपायांची नावं भिंतीवर यावीत ही अपेक्षा भाबडी ठरते, हे लिहिताना मलाही कळतंय.

आता इमारत. पहिला आराखडा ऑक्सफर्डच्या जे. एम. डेरिक यांचा होता. दिसायला देखणा, परवडायला अशक्य. तो बाजूला ठेवून काम हेन्री कॉनिबेअर यांच्याकडे आलं, आणि इथून ही गोष्ट माझ्या आवडीची होते, कारण कॉनिबेअर इंजिनिअर होते. शहराची गटारं, रस्ते, पाणी हा त्यांचा रोजचा धंदा. १८५४ च्या दुष्काळात मुंबईच्या विहिरी आटल्या, तेव्हा मिठी नदीवर धरण बांधून पाणी नळाने शहरात आणायची योजना त्यांनीच मांडली. विहार तलावाचं काम १८५६ मध्ये सुरू झालं आणि १८६० च्या सुमारास मुंबईला पहिलं नळाचं पाणी मिळालं. मुंबईच्या इतिहासात त्यांचं नाव खरं तर पाण्यासाठी घ्यायला हवं. चर्च हे त्यांचं दुय्यम काम, आणि तरी बघायला लोक येतात ते चर्च. विहारला जाऊन कॉनिबेअरची आठवण काढणारा अजून मला भेटलेला नाही.

कॉनिबेअर यांनी शैली निवडली ती इंग्लंडच्या तेराव्या शतकातली: निमुळत्या टोकदार कमानी, उंच अरुंद खिडक्या, बाहेरून भिंतींना दिलेले दगडी टेकू. इंग्लंडात तेव्हा चर्च कसं असावं यावर मोठा वाद चालू होता. ग्रीक खांबांची, त्रिकोणी माथ्यांची फॅशन आता पुरे, खरं ख्रिस्ती बांधकाम मध्ययुगातलंच, असं म्हणणाऱ्यांचा जोर होता. त्या मताचं हिंदुस्थानात उभं राहिलेलं हे सुरुवातीचं काम. पुढे मुंबईत जे गॉथिक माजलं, म्हणजे हायकोर्ट, विद्यापीठ, राजाबाई टॉवर, व्हिक्टोरिया टर्मिनस, ते सगळं याच्यानंतरचं. दगड इथलाच. भिंतींना कुर्ल्याचा पिवळसर छटेचा दगड, आणि जिथे कोरीव काम हवं तिथे पोरबंदरचा मऊ चुनखडक. कुर्ल्याचा दगड टाकीला दाद देत नाही, पोरबंदरचा फारच लवकर देतो. दोन्ही एका भिंतीत बसवायचे म्हणजे पाथरवटाची परीक्षा. त्या पाथरवटांची नावंही अर्थातच कुठे नाहीत, पण त्यांच्या बाबतीत कुणी सबबही लिहून ठेवलेली नाही.

आत गेल्यावर डोळे आधी वर जातात. मधला भाग उंच, दोन्ही बाजूंना कमानींची रांग. मग पूर्व आणि पश्चिमेच्या रंगीत काचा. त्या विल्यम वेल्स या न्यूकॅसलच्या कारागिराच्या. आणि खाली पाहिलं की फरशी. आतली सजावट, म्हणजे वेदीमागचा पडदा, फरशांची मांडणी, बाकं, ही विल्यम बटरफील्ड यांच्या आराखड्यांवरून झाली. बटरफील्ड त्या काळातलं बडं प्रस्थ. लंडनमधलं ऑल सेंट्स, मार्गारेट स्ट्रीट हे त्यांचं गाजलेलं चर्च याच दशकातलं. ते हिंदुस्थानात कधी आलेच नाहीत. कागद बोटीने आला, फरशा बोटीने आल्या, आणि बसवल्या इथल्या गवंड्यांनी. आज पुण्यात डिझाइन जर्मनीहून ईमेलने येतं आणि पार्ट चाकणला बनतो, त्यातलाच हा प्रकार, फक्त टपालाला महिने लागत.

फरशीकडे मी वाकून बराच वेळ बघत होतो. विटकरी, पिवळा, काळा हे तीन रंग आणि भूमितीची नक्षी. दाराजवळ, जिथे वर्दळ जास्त, तिथल्या काही फरशा मधोमध किंचित खोलगट झाल्या आहेत, बोट फिरवलं की कळतं. तरी नक्षी पुसलेली नाही. याचं कारण त्या काळच्या चर्चच्या फरशा घडवण्याच्या पद्धतीत आहे. नक्षी रंगवायची नाही. मातीच्या ओल्या फरशीत साच्याने खळगे पाडायचे, त्यात दुसऱ्या रंगाची पातळ माती ओतायची, वाळल्यावर पृष्ठभाग तासून सपाट करायचा, मग भट्टी. दोन्ही मात्या भट्टीत सारख्याच आकसल्या पाहिजेत, नाहीतर जोड उकलतो. हे जमवायला एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लिश कारखानदारांनी बरीच वर्षं आणि बराच माल वाया घालवला. नक्षी अशी काही मिलिमीटर आत उतरलेली असते, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या बूट घासले तरी ती शिल्लक राहते. दुकानातली आजची छापील टाइल पंधरा वर्षांत पांढरी पडते.

सुळक्याच्या पैशाची कथा मुंबईच्या कापसाची आहे. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि १८६१ पासून चार वर्षं मुंबईत पैशांचा पाऊस पडला. कंपन्या निघाल्या, समुद्र बुजवायचे शेअर निघाले, भटजीपासून भंडाऱ्यापर्यंत सगळे बाजारात उतरले. जे काम वर्षानुवर्षं वर्गणीअभावी रखडलं होतं ते या सुबत्तेत पार पडलं. सुळक्यासाठी देणगी देणाऱ्यांत कावसजी जहांगीर रेडीमनी होते, म्हणजे पारशी शेठ. अग्यारीत जाणाऱ्या माणसाने छावणीच्या चर्चला कळस चढवायला हातभार लावला. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या इमारतीलाही याच कावसजींची देणगी आहे, तेव्हा आमच्या पट्ट्यातल्या अर्ध्या इंजिनिअरांनी त्यांचे आभार मानायला हरकत नाही. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध थांबलं. १० जूनला सुळका पुरा झाला. १ जुलैला वायद्यांचे पैसे चुकते करायचा दिवस उजाडला आणि मुंबईचा बाजार झोपला. तीन आठवड्यांचा उशीर झाला असता तर अट आणखी किती वर्षं अपुरी राहिली असती, कोण जाणे.

घंटा आठ आहेत. १९०४ मध्ये इंग्लंडातल्या लफबरो गावच्या जॉन टेलर यांच्या कारखान्यातून आलेल्या. पश्चिम हिंदुस्थानात यांच्या तोडीचा संच नाही असं जुनं कौतुक आहे. चर्च म्हटल्यावर पुणेकराला पंचहौद आठवतं आणि पंचहौद म्हटल्यावर टिळक-रानड्यांचा तिथला गाजलेला चहा. पण तिथेही शेजारच्या स्वतंत्र मनोऱ्यात घंटांचा संच आहे, तो चहाच्या कपामागे कायमचा झाकला गेलाय. असो. घंटा ही फाउंड्रीतल्या माणसाने समजून घ्यावी अशी चीज आहे. तांबं ढोबळमानाने ७७ टक्के आणि कथील २३. भांड्याच्या काशापेक्षा कथील बरंच जास्त, म्हणून आवाज खणखणीत आणि धातू ठिसूळ: आदळली तर काचेसारखी तडकते. साचा चिकणमातीचा, आणि टेलरच्या पद्धतीत त्या मातीत घोड्याची लीद आणि बकऱ्याचे केस. वाचून हसू येईल, पण कारण साधं आहे. तापलेल्या धातूमुळे सुटणारी वाफ बाहेर पडायला साच्यात बारीक वाटा लागतात. लीद आणि केस जळून गेले की त्या वाटा तयार होतात. ही मोकळीक नसेल तर कास्टिंगमध्ये ब्लोहोल येणार, हे आमच्याकडचा नवा हेल्परही सांगेल.

खरी गंमत ओतकामानंतर सुरू होते. घंटेतून एक सूर निघत नाही. टोला पडला की निदान पाच सूर एकदम उठतात, आणि त्यांतला एक कोमल गंधाराच्या जागेवर असतो. चर्चच्या घंटेत खिन्नता ऐकू येते ती त्याच्यामुळे. जुन्या घंटांमध्ये हे पाच सूर एकमेकांशी थोडे भांडत असत. आर्थर सिम्पसन नावाच्या एका इंग्लिश पाद्र्याने १८९५-९६ च्या सुमारास लिहून दाखवलं की पाचही सूर नेमके जुळवता येतात. टेलरच्या कारखान्याने ते मनावर घेतलं आणि १८९६ पासून तसे संच करायला घेतले. त्यासाठी घंटा उलटी करून उभ्या लेथवर, आपल्या भाषेत व्हीटीएलवर, चढवायची आणि आतून धातू तासायचा. कुठल्या उंचीवर किती तासलं की कुठला सूर किती उतरतो, हे हाताला माहीत असायला हवं. धातू काढता येतो, परत घालता येत नाही. म्हणून ओततानाच भिंत थोडी जाड ठेवायची, आणि शेवटचा कट घेणाऱ्याने श्वास रोखायचा. जॉब रिजेक्ट झाला तर पुन्हा भट्टी. कुलाब्याच्या घंटा या नव्या विद्येनंतरच्या, आठ वर्षं मुरलेल्या हाताच्या.

असे आठ घंटांचे संच इंग्लंडात धून वाजवायला करत नाहीत. आठ माणसं आठ दोर धरतात आणि क्रम बदलत नेतात. आधी थोरल्या घंटेपर्यंत सरळ उतरायचं, मग शेजारच्या दोघींनी जागा बदलायची, मग पुढच्या दोघींनी, आणि एकदा वाजलेला क्रम पुन्हा येता कामा नये. आठ घंटांचे असे क्रम होतात ४०,३२०. ते सगळेच्या सगळे एका बैठकीत वाजवायचा पराक्रम १९६३ च्या जुलैत टेलरच्याच कारखान्याच्या मनोऱ्यात झाला. आठ जण, अठरा तासांना दोन मिनिटं कमी, मध्ये बदली नाही. शिफ्ट सोडायला रिलिव्हर आला नाही म्हणून कुरकुरणाऱ्या माणसाला हा किस्सा सांगून पाहिला, उपयोग झाला नाही.

१९४७ नंतर गोरी छावणी गेली, भोवती नौदल आलं. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. पूर्वीची इंग्रजी सरकारी पंथाची चर्चं तिच्यात आली, त्यांत हेही. जहाजांना सुळक्याची गरज केव्हाच उरलेली नाही. १८७५ मध्ये जवळच प्राँग्जचं दीपगृह उभं राहिलं, आता तर रडार आणि उपग्रह. शिवाय पश्चिमेला समुद्र बुजवून कफ परेडचे टॉवर उभे राहिल्यापासून त्या बाजूने १९८ फुटांना कोण विचारतो? पण खारा वारा सोडत नाही. जुन्या दगडी कामात दोन दगड धरून ठेवायला लोखंडी खुंट्या असतात. त्यांना गंज चढला की त्या फुगतात आणि दगड आतून फोडतात. पोरबंदरचा दगड तर मिठाने पिठासारखा झडतो. अलीकडच्या वर्षांत वारसा जपणाऱ्या तज्ज्ञांनी इथे दुरुस्तीचं काम हातात घेतलं, ते अशाच दुखण्यांसाठी. लोखंड काढून स्टेनलेस स्टील घालणं, सिमेंटचे नंतरचे लेप उकरून पुन्हा चुना भरणं, काचांची शिशाची जोडणी बदलणं. असल्या कामाला निविदेतला सर्वात कमी दर चालत नाही, आणि रविवारी येणारी मंडळी मोजकी.

निघताना राखणदार काकांना विचारलं, दुरुस्तीला काही द्यायचं असेल तर? त्यांनी दाराजवळची पेटी दाखवली. मी पाचशेची नोट टाकायला गेलो, तर म्हणाले, “थांबा, पेटीत टाकलंत तर पावती नाही मिळत. पावती पाहिजे ना? मग नाव सांगा.” त्यांनी खिशातलं पेन काढलं, ते उठेना, दोनदा झटकलं. शेवटी माझं पेन घेतलं आणि आडनावाचं स्पेलिंग विचारून घेतलं.